गुप्त लिपीतली वही

मी कापडातला माणूस. डोळे मिटून नुसता हात लावला तरी सुती किती आणि पॉलिस्टर किती ते सांगतो, हे वाक्य मी अमरावतीतल्या निम्म्या बायकांना ऐकवलेलं आहे. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या दुकानात जायच्या. वीस-बावीस वर्षं एका दुकानाच्या पांढऱ्या गादीवर बसून मी साड्या उलगडल्या, आणि साड्यांपेक्षा तोंड जास्त चालवलं. सेठ म्हणायचे, याचं तोंड बंद झालं तर दुकान बंद होईल. मी ते कौतुक समजायचो.

दुकानाला उतरती कळा लागली ती मात्र माझ्या तोंडामुळं नाही. आमच्याकडे लग्नाचं कापड घ्यायला अख्खं घरदार एकदम येतं, त्याला बस्ता म्हणतात. कापूस बरा आला की एकेक बस्ता तीन-तीन तास चालायचा, नवरीपासून आत्याच्या जावेपर्यंत सगळ्यांची साडी निघायची आणि मध्ये दोनदा चहा व्हायचा. त्या वर्षांत कापसानं लागोपाठ दगा दिला आणि बस्ते आटत गेले. आधी आत्याची जाऊ गेली, मग आत्या गेली, मग करवल्या गेल्या. एकदा चांदूर बाजारकडचे एक गृहस्थ एकटेच आले, नवरीपुरत्या दोन साड्या घेतल्या, आणि चहा सांगतो म्हटलं तर "राहू द्या, गाडी सुटते" म्हणून उठले. गाडीला अजून तासभर होता. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पुढच्या महिन्यात सेठ म्हणाले, "तुमी आता दुपारपरेंतच येत जा. बाकी मंग पाहू." पगारही दुपारपर्यंतचाच झाला.

घरी बायकोनं ही बातमी माझ्यापेक्षा शांतपणे ऐकली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "समोरची खोली मले द्या. माझ्या भावाकडं दोन जुने कॉम्प्युटर पडून आहेत. पोरींना टायपिंग शिकवीन. लग्नाआधी मी शिकली होती ना, त्याच्या संग आणखी..."

पुढं ती काय म्हणाली ते मला आठवत नाही, कारण मी ऐकलंच नाही. मी कचोरी खात होतो, आणि कचोरीखालच्या पेपरच्या तुकड्यावर छापलेलं होतं: जुनी पुस्तके ऑनलाइन विका, घरबसल्या कमवा. बातमीचा खालचा अर्धा भाग तेलानं काळा झाला होता. या धंद्यात माणूस कसा बुडतो ते बहुतेक त्या अर्ध्या भागात असावं.

"थांब," मी तिला म्हटलं. "काय करायचं ते सापडलं मले."

आमचं घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं, देव, सगळं. समोरची खोली रस्त्यालगत, हवेशीर, कोरडी. पुस्तकांना अगदी तशीच जागा लागते, हे मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. क्लासचं काय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या क्लासले कोण येणार आहे? आन् किती वर्षं झाली त्याले! बोटं तरी वळतील का तुझी?"

"बेचाळीस वर्षांची झाली मी," ती म्हणाली. "आता नाही तर मंग कवा?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी निदान दचकलो असतो. शेवटी तोड निघाली की दिवाळीपर्यंत खोली माझी. तोवर धंदा उभा राहिला नाही, तर खोली तिची.

"लिहून देता का?" तिनं विचारलं.

"लिहून काय द्यायचं? जबान आहे माझी."

यावर ती हसली. मला ते हसणं विश्वासाचं वाटलं.

मग मी धंद्याला लागलो. दुपारी दुकानातून सुटलो की जुन्या वस्तीतल्या कबाडी चाचांच्या गोदामात जायचं. गल्लोगल्ली ठेले फिरवून रद्दी गोळा करणारे सगळे आपला माल चाचांकडे ओततात. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, तराजूशेजारी खुर्ची टाकून चाचा बसलेले असायचे, आणि मराठी बोलता बोलता कधी उर्दूत शिरायचे त्यांनाही कळायचं नाही. मी रद्दीच्या ढिगात कमरेपर्यंत शिरून पुस्तकं उपसायचो. आठवड्यातून एकदा अकोल्याला जाऊन तिथल्या रद्दीवाल्यांकडेही हेच. अंगाला इतकी धूळ बसायची की परतीच्या एसटीत शेजारचा माणूस आपणहून उठून दुसरीकडे बसायचा. ऐसपैस बसायला मिळतं म्हणून मी खूश असायचो.

"भाऊ," चाचा एकदा म्हणाले, "किताबाचं वजन मले समजते, किंमत तुमाले समजते. अब बताओ, दोघांत नुकसानीत कोन?"

मी मोठ्यानं हसलो होतो. उत्तर आमच्या समोरच्या खोलीत रचून ठेवलेलं होतं. मी एक पोतंभर बारावीची गाइडं आणली, अभ्यासक्रम बदललेला. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं खपतात म्हणून ती आणली, तर त्यांतले मंत्री केव्हाच बदललेले. एका पुस्तकाला पुण्याहून पहिलीवहिली ऑर्डर आली तेव्हा मी पेढे वाटले. आठ दिवसांनी ते पुस्तक परत आलं, सोबत तक्रार की पुस्तकाला कांद्याचा वास येतो. येणारच. वर्षाचे कांदे त्याच खोलीत होते. मी कांदे मागच्या खोलीत हलवले, म्हणजे बायकोच्या उशाशी.

पुस्तकं साफ करायचं काम मात्र मी मन लावून करायचो. पहिल्या पानावरची नावं खोडरबरानं पुसायची, आतली बसची तिकिटं, पिंपळाची पानं, कोणाकोणाची पत्रं काढून फेकून द्यायची, मग पुस्तकं उन्हात घालून वर कडुनिंबाचा पाला. गिऱ्हाइकाला माल कोरा वाटला पाहिजे. पुस्तक कोणाचं होतं याच्याशी आपल्याला काय करायचं, असं मी बायकोला ऐटीत सांगायचो. ती ऐकायची. ती माझं सगळं ऐकायची, एवढं मी तिच्याबद्दल छातीठोकपणे सांगू शकत होतो.

दसऱ्याच्या आवराआवरीत मला आणखी जागा हवी झाली. माळ्यावर तिची माहेरची लोखंडी पेटी होती. मी म्हटलं, "तुझं काय असन ते काढ, पेटी मले लागते."

"त्यात माझं सामान आहे."

"दहा-बारा वर्षं उघडली नाही तू ती. कायचं सामान?"

तिनं स्टुलावर चढून पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "घ्या बाप्पा. तेवढंच राहिलं होतं माझं या घरात." दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना तिनं पेटीतलं सगळं ठेलेवाल्याला देऊन टाकलं आणि पेटी पुसून माझ्या खोलीत आणून ठेवली. मी तिच्यात गाइडं भरली.

त्यानंतर दोन दिवसांनी चाचांनी मला लांबूनच हाक मारली. "भाऊ, आज तुमच्याच इलाक्यातला माल आला. चांगल्या घरचा दिसते." आणि त्यांनी एक वही माझ्या हातात ठेवली.

उभट, जाडजूड वही. पुठ्ठ्याला कापड शिवलेलं, विटकं तांबडं, त्यावर पिवळे बुट्टे. आत उघडून पाहिलं. एकही अक्षर ओळखीचं नाही. नुसती वळणं, वेलांट्या, टिंबं, अर्धगोल, काही रेघा जाड, काही बारीक. पानंच्या पानं भरलेली. नाव नाही, गाव नाही. आमच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर मी कधीतरी ऐकलं होतं की रिद्धपूरच्या महानुभावांच्या जुन्या पोथ्या गुप्त लिपीत लिहिलेल्या असतात. टपरीवर ऐकलेल्या गोष्टी मला लगेच पटतात, फक्त घरात ऐकलेल्या पटत नाहीत.

पानं आखीव होती आणि बरंचसं लिखाण पेन्सिलीचं होतं. तेवढ्यानं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी स्वतःची समजूत घातली की कोणीतरी जुन्या पोथीवरून अलीकडे नक्कल केली असणार. राहिलं कापड. कापडाला मी डोळे मिटून हात लावला आणि मला आतून कौल मिळाला: हातमाग, शंभर वर्षांचं. कापड ओळखीचं वाटत होतं खरं. पण जुनं कापड मला नेहमीच ओळखीचं वाटतं, आपण त्यातलेच, असा त्याचा अर्थ मी लावला.

चाचांनी माझा चेहरा वाचला. "बाकी माल किलोनं. हे दोनशे."

एका वहीचे दोनशे मी एक शब्द न बोलता दिले. माझ्या आयुष्यात मी घासाघीस न केलेली ही एकमेव खरेदी.

वही कोणाला दाखवायची नाही, हे मी पक्कं केलं. सेठना नाही, टपरीवर नाही. बायकोला तर मुळीच नाही, बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही. माझ्या शर्टांच्या घडीखाली ती लपवून ठेवली आणि दिवसातून चारदा कपाट उघडून बघत बसलो. बायकोनं एकदा विचारलं, "शर्टाले काय झालं?" मी म्हटलं, "कसर लागली का पाहून राहिलो."

पुस्तकं विकायच्या साइटवर मी वहीचे दोन फोटो टाकले आणि खाली लिहिलं: प्राचीन सांकेतिक लिपीतील दुर्मीळ हस्तलिखित, शतकापूर्वीचे अस्सल हातमागाचे वेष्टन, किंमत पंचवीस हजार. दिवाळी अठरा दिवसांवर होती. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका संग्राहकाचा निरोप आला की रिद्धपूरच्या जाणकारांना दाखवा, अस्सल असेल तर विचार करतो. मी मनातल्या मनात समोरच्या खोलीला रंग लावला, कपाटं ठोकली, बाहेर पाटी लावली. बायकोच्या दोन कॉम्प्युटरचं काय, तर ते भावाकडेच ठीक आहेत, असंही ठरवून टाकलं.

दुकानात खोटी सुटी टाकून मी एसटीनं रिद्धपूरला गेलो. वही धुतल्या धोतरात गुंडाळलेली. तिथं एका मठात एक वृद्ध बाबा पोथ्यांचे जाणकार आहेत असं कळलं. दंडवत घालून त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी आधी हात धुतले, पुसले, मग वही उघडली. एवढ्या जपून माझ्या कुठल्याच पुस्तकाला कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. पाच-सात पानं उलटून ते गालातल्या गालात हसले.

"ही आमची नाही," ते म्हणाले. "आमच्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं, पण अक्षर जागेवर उभं राहतं. हे तर पळून राहिलं. कोणीतरी बोलत होतं आणि लिहिणारं माणूस त्याच्या मागं धावत होतं."

मी म्हटलं, "मंग हे काय आहे, बाबा?"

"कोर्टात लिहितात तसं वाटतं. आमच्याकडे येणारे एक सद्गृहस्थ आहेत, अकोल्याला जठारपेठेत टायपिंगची संस्था चालवतात. कोर्टात स्टेनो होते. त्यांना विचारा." वही धोतरात परत गुंडाळून देताना ते म्हणाले, "आणि विकायच्या आधी कोणाची आहे ते शोधा."

विकायच्या आधी शोधा म्हणे! परतीच्या गाडीत मी बाबांवर मनातल्या मनात चिडलो. पण आशा काही सुटेना. कोर्टाची तर कोर्टाची, एखाद्या जुन्या गाजलेल्या खटल्याची असली तरी भाव येईलच. दुसऱ्या खोट्या सुटीत मी अकोला गाठलं.

जठारपेठेत एका दुकानाच्या माडीवर संस्था. कॉम्प्युटरसमोर आठ-दहा पोरी बसलेल्या, कोपऱ्यात एक जुना टाइपरायटर झाकून ठेवलेला. सर सत्तरीच्या पुढचे, शर्टाच्या खिशात टोक केलेल्या तीन पेन्सिली. मी वही पुढं केली आणि कापडाबद्दल बोलायला तोंड उघडलं. त्यांनी पुठ्ठ्यावरून नुसता अंगठा फिरवला.

"पॉलिस्टर आहे," ते म्हणाले.

सरांनी चष्मा लावला, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. "अहो, ही तर मराठी शॉर्टहँड! आणि हात पाहा हो! बघा गं पोरींनो, इकडं या. अशी रेघ पाहिजे. एका मिनिटाला एकशे वीस शब्दांचा हात आहे हा. माझ्या अख्ख्या नोकरीत असे तीन-चार पाहिले असतील." पोरी भोवती गोळा झाल्या. सर वाचू लागले. सुरुवातीला सरकारी पत्रं होती, भाषणं होती, सरावाची. मग ते थांबले. "इथून पुढं वेगळंच आहे. हे डिक्टेशन कोणा सायबाचं दिसतं."

आणि कोर्टात वाचतात तशा सपाट आवाजात त्यांनी वाचलं, "चहात साखर कमी आहे. मी काय म्हणतो ते नीट ऐकत जा. तुले यातलं काही समजत नाही. सेठ म्हंतात, माझ्याशिवाय दुकान चालत नाही."

पोरी खुदखुदल्या. मीही हसलो. खरं सांगतो, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. असतात असे नवरे, मी त्या पोरींना म्हटलंसुद्धा.

सर पुढं वाचत होते. "भाजीत मीठ जास्त आहे. तुझ्या माहेरच्यांना व्यवहार नाही. ही साडी पाह्य, डोळे मिटून नुसता हात लावला तरी सुती किती आन् पॉलिस्टर किती, मी सांगतो."

माडीवरचा पंखा, पोरी, सर, सगळं होतं तिथंच होतं, फक्त मला कुठं बघावं ते कळेना. म्हणून मी वहीच्या कापडाकडे बघितलं, आणि तेव्हा ते मला ओळखू आलं. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा पडदा. दुकानातला उरलेला कटपीस, मीच घडी करून काखेत मारून घरी आणला होता, आणि तिनं पडदा शिवून उरलेला तुकडा ठेवून दिला होता.

"फॉर्म पुढच्या वर्षी भरू तुझा," सर वाचत होते. "यंदा नोको. कोर्टातली नोकरी कुठी पळून जाते का? जबान आहे माझी." त्यांनी चार पानं उलटली. "हे वाक्य परत आलं." आणखी काही पानं. "आणि इथं परत. माणूस दरवर्षी तेच बोलतो."

एका पोरीनं विचारलं, "सर, ही बाई असं घरातलं बोलणं काहून लिहून ठेवत असन?"

"सराव," सर म्हणाले. "हात सुटला की संपलं. आम्ही रेडिओवरच्या बातम्या उतरवायला सांगायचो. या बाईच्या घरी रेडिओ नसावा."

रेडिओ होता. मी बोलत असताना तो बंद ठेवायचा, असा माझा दंडक होता. मी गादीवर लोडाला टेकून बोलायचो आणि ती भिंतीशी बसून मांडीवर वही घेऊन लिहायची. किराण्याची यादी करते, असं मी धरून चाललो होतो. रोज किराण्याची एवढी मोठी यादी कशी, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

शेवटचं पान सरांनी मोठ्यानं वाचलं नाही. आधी स्वतःशी वाचलं, चष्मा काढला, परत लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "हे डिक्टेशन नाही. हे तिचं आहे. 'आज घड्याळ लावून मोजलं. एकशे वीस भरले. कोणाले सांगू?' बस. पुढं वही कोरी आहे."

पोरी आपापल्या जागी जाऊन बसल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता.

"ओळखता का या बाईंना?" सरांनी विचारलं. "शिकवायला असं माणूस मी किती दिवस शोधतोय."

"आहेत ओळखीच्या."

"आणि हा बोलणारा?"

"तो," मी म्हटलं, "कापडात आहे."

घरी आलो तेव्हा ती दळण आणायला गेली होती. दिवाळी आठ दिवसांवर होती. मी चाचांकडून ठेला मागवला आणि समोरची खोली रिकामी केली. गाइडं, मंत्री, कांद्याचा वास, सगळं गेलं. चाचांच्या माणसानं वजन करायला काटा काढला तर मी म्हटलं, तसंच घेऊन जा. साइटवरून वहीचे फोटो काढून टाकले. खोली झाडली. मध्येच लोखंडी पेटी ठेवली आणि तिच्यावर वही.

ती दळणाचा डबा घेऊन दारात थांबली. आधी रिकामी खोली पाहिली, मग पेटी, मग वही. डबा खाली ठेवून तिनं वही उचलली.

"हे कुठी सापडलं तुमाले?"

"विकत आणलं."

"केवढ्याले?"

"दोनशे."

"अवो, मी तर साऱ्या पेटीचे चाळीस घेतले!" ती हसायला लागली ती हसतच राहिली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि मग खाली बसली. मी तिला सगळं सांगितलं, रिद्धपूर, पंचवीस हजार, शंभर वर्षांचा हातमाग, पॉलिस्टर. शेवटचं पान वाचल्याचंही सांगितलं. तेव्हा तिचं हसणं थांबलं.

"सर तुले अकोल्याले बोलावून राहिले," मी म्हटलं. "शिकवायले."

"मी काहून जाऊ अकोल्याले?" ती म्हणाली. "मले माझी खोली पायजे."

फॉर्मबद्दल ती काही बोलली नाही. नोकरीच्या अर्जाचं वय केव्हाच निघून गेलं होतं. त्याबद्दल ती काही बोलेल आणि मी काहीतरी उत्तर देईन, याची मी वाट पाहत राहिलो, तर ती दळण चाळायला मागच्या खोलीत निघून गेली.

भाऊबीजेला तिच्या भावानं दोन कॉम्प्युटर आणून दिले. जठारपेठेच्या सरांनी डिक्टेशनची जुनी पुस्तकं पाठवली. ती मी विकली नाहीत, एवढी नोंद घ्यावी. पहिल्या महिन्यात पाच पोरी आल्या, दोघी गल्लीतल्या, तिघी चांदूर बाजारच्या गाडीनं. शॉर्टहँडला डिक्टेशन द्यायला एक माणूस लागतो, एका चालीत, न थांबता, न अडखळता बोलणारा. असा माणूस घरातच होता आणि दुपारनंतर रिकामाही होता.

तेव्हापासून रोज चार वाजता मी दाराशी स्टूल टाकून बसतो आणि वाचतो. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की. ती घड्याळ धरून उभी असते. पदरचा एक शब्द घातला तर पेन्सिलीनं टेबलावर टकटक करते आणि मी ते वाक्य परत सुरू करतो. आयुष्यात कोणी माझं बोलणं असं तोडलं नव्हतं. पोरी मला दबून "काका" म्हणतात आणि मागून हसतात, हे मला ठाऊक आहे.

एका दिवशी मी मुद्दाम चूक केली. पाणीपुरवठ्याच्या पत्राच्या मध्यात, त्याच चालीत, एक वाक्य घुसडलं: फॉर्म मीच नेऊन भरायला पाहिजे होता. टकटक झाली नाही. पाच पेन्सिली धावत होत्या, मी पत्र संपवलं.

तिनं कोपऱ्यातल्या पोरीला उठून वाचायला सांगितलं. पोरगी वाचू लागली, नळ, टाकी, ग्रामपंचायत, आणि मग तेही वाक्य, अगदी सपाट आवाजात, एकही काना न चुकता. वाचून ती गोंधळली आणि म्हणाली, "बाई, हे वाक्य पत्रात बसत नाही. काही चुकलं का?"

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. हातातलं घड्याळ तिनं टेबलावर ठेवलं.

"तू बरोबर उतरवलं," ती म्हणाली. "बोलणाऱ्यानंच उशीर केला." आणि मला पुढचं पत्र वाचायला सांगितलं.